चिखल्याला काहीही न ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, नौदलातून निवृत्त झालेला बिनतारी संदेशवाहक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून गळ घातलेली नाही. माझी बुद्धी आज शाबूत आहे. ‘आज’ म्हणायचे कारण, डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे की सहा-आठ महिन्यांत मला माणसे ओळखू येईनाशी होतील. तेव्हा जे लिहायचे ते आत्ताच.

कलम १. राहते घर व बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या मुलीला. घर विकले तरी माझी हरकत नाही. मागच्या दाराची कडी वर उचलून ओढावी लागते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. ड्रिल मशीन मेव्हण्याला. त्याने ते दोन वर्षे वापरले, टोक मोडून परत आणले, आणि वर मलाच म्हणाला, “जरा जपून वापरत जा.” टोक मी मुद्दाम बदललेले नाही.

कलम ३. शेजारी राहणारा निवृत्त सुभेदार, याला काहीही नाही. औषधाच्या दुकानवाल्यालाही नाही. दोघे या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही मिळता कामा नये असे वकील म्हणतात. पण सुभेदाराबाबत एवढ्यावर भागणार नाही.

आमच्या गल्लीत तिन्ही दलांचा एकेक म्हातारा आहे. मी बेडूक, सुभेदार चिखल्या, आणि दुकानवाला हवाई दलातला, म्हणून कबूतर. सव्वीस वर्षे सकाळचा चहा कुंपणाशी झाला आणि एकही दिवस सरळ बोलणे झाले नाही. “काय रे बेडक्या, आज कोरड्यावर कसा?” असे तो ओरडायचा. मी म्हणायचो, “बूट पुसून ये, नाहीतर माझ्या फरशीवर पीक येईल.” कबूतर सायकल थांबवून सांगायचा, “तुम्ही लढत होतात तेव्हा मी वरून बघत होतो. दोघांपैकी कुणाचंच काही खरं नव्हतं.” बायको गेल्यावर या चेष्टेनेच मला सावरले.

कलम ४. हे कलम मी चव्वेचाळीस वर्षे पोटात ठेवले. खाडीच्या तोंडाशी दोन दलांचा एकत्र सराव होता. पायदळाची तुकडी तराफ्यांवरून पलीकडे जाणार होती आणि मी आमच्या जहाजावर कानाला यंत्र लावून बसलो होतो. पायदळवाले पाण्याला भितात ही जुनी थट्टा, आणि ती तेही उडवायचे. त्या सकाळी दोनदा हाक आली, “बेडकांनो, बुडतोय, बोट पाठवा!” दोन्ही वेळा मागे हसण्याचा आवाज होता. तिसऱ्यांदा तीच हाक, त्याच पोराच्या तोंडून आली. मी म्हणालो, “चिखल खा, तरंगाल,” आणि यंत्र काढून चहा घ्यायला गेलो. त्या खेपेला मागे कुणी हसत नव्हते, हे मला जिन्यात लक्षात आले. मी परत धावलो. यंत्रात नुसती खरखर होती.

डेकवरच्या पहारेकऱ्याला उलटलेला तराफा दिसला तेव्हा, वीस मिनिटांनी, बोट गेली. सात जण बुडाले. नोंदवहीत मी लिहिले, ‘संदेश आला नाही.’ चौकशीत यंत्र नादुरुस्त ठरले आणि मला कुणी बोल लावला नाही.

अठरा वर्षांनी शेजारचे घर सुभेदाराने घेतले. दुसऱ्याच दिवशी चहा पिताना त्याने सांगितले, “माझा धाकटा भाऊ त्या खाडीत गेला. यंत्र बिघडलं होतं म्हणे. नाहीतर तो गप्प बसणारा नव्हता, सारखा कुणाची तरी खोडी काढायचा.” मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. तेव्हाच सांगायला हवे होते. माझी हिंमत झाली नाही.

कलम ५. डॉक्टरीणबाईंचे ऐकून आलो त्या दिवशी त्याला सगळे सांगितले. पुढे मी केलेलेच विसरलो, तर त्याने जाब कुणाला विचारायचा? त्याने ऐकून घेतले, खुर्ची मिटली आणि तो आत गेला. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी आला आणि म्हणाला, “नमस्कार. बरं आहे ना तुमचं?”

सव्वीस वर्षांत त्याने मला कधी अहो-जाहो केले नव्हते. त्याला तीन आठवडे झाले, तो अजून ‘तुम्ही’च म्हणतो. कबुतराने विचारले, “भांडलात की काय?” तर सुभेदार म्हणाला, “छे! यांच्याशी माझं कसलं भांडण?”

कलम ६. माझी वल्ह्यांची होडी मोडीत द्यावी, परत आली तर. चार दिवस सुभेदार तिला डांबर लावतो आहे. हा माणूस गुडघ्याच्या वर पाण्यात उतरत नाही. आज सकाळी म्हणाला, “उद्या सकाळी खाडीच्या तोंडापर्यंत नेता का मला? भाऊ कुठे गेला ती जागा बघायची आहे. दोघंच जाऊ.” मी हो म्हणालो. होडीत तरंगण्याची दोन जाकिटे असायची. मगाशी पाहिले तर एकच आहे. मी काही विचारलेले नाही. मला भीती वाटते, पण मी जाणार आहे.

कलम ७. मुलीस. तो एकटा परत आला तर पोलिसांना हे कलम दाखव: मी माझ्या मर्जीने गेलो, त्याच्यावर माझी कसलीही तक्रार नाही. त्याला कोरडे कपडे दे. काही विचारू नकोस.

दोघेही परत आलो, तर हा कागद फाडू नकोस. मला काहीच आठवेनासे होईल, आणि लोक म्हणतील की म्हातारा किती सुखात आहे, तेव्हा कलम चार मला रोज वाचून दाखव. मी रडलो तरी थांबू नकोस.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
दिनांक: नऊ मार्च, सायंकाळी पाच.
सही: (बेडूक)

साक्षीदार १: औषधाचा दुकानदार. सही करताना म्हणाला, “एवढं काय लिहिलंयस? जायला अजून वेळ आहे.”

साक्षीदार २: शेजारी, निवृत्त सुभेदार. न वाचता सही केली. पेनचे टोपण लावून परत दिले आणि म्हणाला, “सकाळी सहाला तयार राहा. साडेसहाला ओहोटी लागते, मी विचारून ठेवलंय.”