खालच्या चुलीवर भाविनीचा हक्क

मी, ठमाबाई पुंजाराम तिडके, राहणार मखमलाबाद, नाशिक, धंदा भाजीपाला, माहेर निफाडचं, शाळा दुसरीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. माझ्यावर करील कोण? वकीलसाहेब म्हणाले, "आजी, मुद्द्याचं तेवढं लिहा." मुद्दाच लिहिते, पण तो जरा लांबून येतो.

कलम १. घर माझ्या नावावर आहे, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकून बांधलेलं. वरचा मजला थोरला मुलगा सोमनाथ आणि सून प्रतिभा यांना. खालचा मजला, चुलीसकट, धाकट्या हर्षलची बायको भाविनी हिला. हर्षल मागच्या वर्षी पेठ रोडच्या घाटात अपघातात गेला. त्याच रस्त्याने त्याने तिला धरमपूरहून आणली होती. रस्त्याला काय बोलणार.

कलम २. भाविनी गुजराती आहे म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. आल्या आल्या तिने तूरडाळीत गूळ, कोकम आणि शेंगदाणे घातले, तेव्हा माझे मालक (आता ते नाहीत) म्हणाले, "सूनबाई, ही डाळ आहे का बासुंदी?" ती म्हणाली, "बापूजी, आधी वाटी पुढे करा, मग बोला." मग बोलले ते एवढंच, "अजून आहे का?" पुढे दर रविवारी डाळढोकळी ठरलेली. आपल्या चिकोल्याच त्या, म्हणजे वरणफळं, पण आंबटगोड. सगळं घर खाली जेवायचं. नात योगिनी झाली आणि मला आभाळ ठेंगणं झालं. ती कणकेच्या पोळीतून चांदण्या कापायची. "आजी, ही तुझी. वाकडी आहे." वाकडी तर वाकडी! माझ्या कानातल्या कुड्या योगिनीला.

कलम ३. पाटा-वरवंटा प्रतिभाला. तिने मागितलेला नाही, तिच्याकडे मिक्सर आहे. तरी घ्यावा. हात चालले की तोंड कमी चालतं.

कलम ४. हे सोमनाथसाठी. बाबा, हर्षलच्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर भाविनीने डाळढोकळीचा डबा आणला होता. गेलेल्याच्या आवडीचं पिंडाजवळ ठेवायचं, ही आपलीच रीत. तू म्हणालास, "गुजराती जेवण नको इथं, भावकी हसेल." पुरणपोळी ठेवलीस. हर्षल जन्मात कधी पुरणपोळीला शिवला होता? कावळे भिंतीवर बसून राहिले. तू हात जोडलेस, "भाविनीला अन् पोरीला अंतर देणार नाही." तरी एक हलला नाही. ऊन डोक्यावर आलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माझा लेक उपाशी गेला. घरी आल्यावर भाविनीने तो डबा मळ्याच्या बांधावर उपडा केला, तर कावळे तुटून पडले. योगिनी ओरडली, "पप्पा आले!" तू मान फिरवलीस. त्या दिवसापासून तिच्या हातचा घास घेतला नाहीस, आणि प्रतिभाने गॅस वर नेला. चुकलास तू, आणि रुसलास तिच्यावर. हे कुठलं रे शहाणपण?

कलम ५. माझ्या दहाव्याला पानात काहीही ठेवा, मेल्यावर मला सगळं चालेल. जिवंतपणी हे चालत नाही. खाली आम्ही तिघी आणि भांडं अख्ख्या घराचं. भाविनी डाळ घोटते, आम्हाला वाढते, आणि स्वतः दोन घास खाऊन उठते. उद्या तिचा भाऊ न्यायला येतोय. बॅग दारात आहे.

कलम ६. ती धरमपूरला गेली तरी खालचा मजला तिचाच. बंद राहिला तर राहू द्यावा. सोमनाथने कुलूप तोडू नये.

इथवर लिहून भाविनीला वाचून दाखवलं. सासूला ती तिच्या भाषेत बा म्हणते. ती म्हणाली, "बा, हे सगळं तुम्ही गेल्यानंतरचं. आज जेवायला कोण बसणार?"

मी जिन्यापाशी जाऊन हाक मारली, "सोम्या, ताटं घेतलीत रे." वर टीव्ही चालू होता. पुन्हा मारली. टीव्हीचा आवाज वाढला.

यापुढे मला कलम सुचत नाही.

लिहून देणार: ठमाबाई पुंजाराम तिडके (सही आहे, अंगठा नाही)

समक्ष सही करणारे साक्षीदार:
१. खंडेराव सावळीराम गामणे, शेजारी
२. सिंधुबाई दत्तू मौले, भाजीबाजारातली माझी जोडीदारीण

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: १४ जुलै २०२४, रविवार