पराटीचा खांब

देऊळघाट,
बुधवार

ती. देवानंददादास,

समताचा जय भीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची डोकेदुखी थांबली असेल, अशी आशा आहे. इकडे आई ठणठणीत आहे आणि नव्या घराच्या ओसरीतला खांबही. (शनिवारी येऊन तो पाडणार, असा तुझा निरोप मिळाला. पाडून दाखव.)

तू पुण्याचा आर्किटेक्ट, म्हणून नकाशा मुकाट्याने मानला. पण खांबाच्या डोक्यावर त्या रोमन देवळांवरच्या अकँथस झुडपाची पानं? रज्जाकमिस्त्रींनी तू पाठवलेला पानांचा फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे पान म्या कधी पाह्यलंच नाही, तं घडवू कसं? पराटी म्हणान तं डोळे मिटून करतो." मी म्हटलं, करा पराटीच, कापसाच्या झाडाला काय कमी आहे? त्यावर तू मला फोनवर रोमन खांबांचं शास्त्र शिकवलंस! अरे, बुलढाण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते मी. तुझ्या खांबाच्या पायथ्याचं गोल कडं म्हणजे टोरस, तर आमच्या फुलाचं पुष्पासनही टोरसच. खांबाचं डोकं कॅपिटल, सूर्यफुलाचं डोकं कॅपिट्युलम. कापसाच्या फुलात पुंकेसर जुळून मधोमध जी नळी उभी राहते, तिलाही पुस्तकात कॉलमच म्हणतात. लॅटिनने घर आणि झाड वेगळं धरलं नाही, मग तू कोण धरणारा? रोमन लोकांच्या कुंपणाला जे उगवलं ते त्यांनी खांबावर चढवलं. आपल्या कुंपणाला लागून पराटीच आहे, आणि मला तिची लाज वाटत नाही.

आता बोंडांचं. मिस्त्री पानं घडवत होते तेव्हा सिंधूआत्या आली. "माह्या भावाच्या घराले माह्या हातचं बोंड नको काय?" म्हणून तिने सिमेंटचा ओला गोळा उचललाच. मग रज्जाकमिस्त्रींच्या नूरबीभाभी आल्या, शेजारच्या चांगुणाकाकू आल्या, बघता बघता अख्खी गल्ली आली. (काकूंच्या बोंडाला सात कप्पे आहेत, खऱ्याला फार तर पाच असतात. परीक्षेत मी गुण कापले असते.) आईचं बोंड थेट वांग्यासारखं झालंय, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तेच दाखवते. तर दादा, हातोडा आण. पहिला घाव कोणाच्या बोंडावर घालणार, तेवढं आईला कळव.

तुझं न ऐकणारी,
समता

ता. क. : खांब तसूभर हलणार नाही. मीही नाही.

ता. क. २ : मिस्त्री म्हणतात, "ताई, वरचा गड्डा रस्त्याकडं झुकून राह्यला." प्रत्येकीला आपलं बोंड रस्त्यावरून दिसायला हवं होतं, त्यामुळे सगळं वजन तिकडेच गेलं. तूर्त बांबूचा टेकू दिलाय. घराकडची बाजू मोकळी आहे. वहिनींना घेऊन ये आणि तुम्हा दोघांची बोंडं तिथे लावा. जरा मोठीच करा. आणि शनिवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच निघ.