तीन सिलिंडर, एक लाख

२ मार्च २०२६, सोमवार

९४,२१०. गाडीच्या मीटरचा फोटो काढून आबांच्या मोबाइलवर पाठवला. उत्तर नाही. आबा फोटो बघतात, उत्तर देत नाहीत!

पैज पक्की झाली. काल जेवताना, आईसमोर. गॅरेज माझ्याकडे यायचं की चुलतभाऊ प्रेमराजकडे जायचं, ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरणार. आबा म्हणाले, "आखाजीलोंग लाख पुरं कर. इंजिन खोल्याबिगर. मंग गॅरेज तुन्हं." नाही जमलं तर प्रेमराजचं. आखाजीला शेतावरच्या सालदाराचं साल बदलतं, तसं आमचंही बदलणार म्हणे.

मुळात भांडण गाडीवरून. दोन वर्षांपूर्वी जळगावहून जुनी घेतली — छोटी, टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडर, एक लिटरला दोन थेंब कमी. चाळीस वर्षं डिझेलमध्ये हात काळे केलेल्या आबांच्या, चुडामण मिस्त्रींच्या, दारात त्यांच्याच मुलीने असलं इंजिन आणून उभं केलं! बोनेट उघडून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हाई इंजिन शे का शिलाई मशीन?"

माझं म्हणणं — पुढची वीस वर्षं धुळ्यात हीच इंजिनं येणार, गॅरेजने आत्ताच शिकून घ्यावं. त्यांचं म्हणणं — ही इंजिनं लाख किलोमीटरच्या आत बसतात. प्रेमराजला डिझेल पंप येतात, आणि काकांच्या हो ला हो म्हणता येतं.

४८ दिवस, ५,७९० किलोमीटर. रोजचे सव्वाशेसुद्धा नाहीत. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या कॉलवर मी तेवढी फिरतेच. जिंकल्यात जमा आहे.

४ मार्च, बुधवार

धुळवड. गाडीवर रंग पडला, इंजिनवर नाही. ९४,३९०.

८ मार्च, रविवार

पिंपळनेरला एका पिकअपचा क्लच बघायला गेले होते. येताना मुद्दाम वाकडी वाट करून कोंडाईबारी घाट चढले. तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, मागे अवजारांची पेटी. एक ट्रक रांगत होता, त्याला असा मागे टाकला की स्वतःचंच हसू आलं.

कुणाला सांगायला मिळत नाही, म्हणून इथे लिहिते. ११५ अश्वशक्ती. १७० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि तो पंधराशे फेऱ्यांपासून थेट चार हजारांपर्यंत सपाट! पंधराशेच्या खाली गाडी सुस्त आहे, खोटं कशाला बोलू. टर्बोचा पंखा लिंबाएवढा, पण मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरतो. एवढ्या वेगात त्याला फक्त ऑइलचा पातळ थर सांभाळतो. म्हणून घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, मिनिटभर चालू ठेवायचं. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर उलट बंद करण्याआधी एक जोरात रेस मारतात. ट्रॅक्टरची सवय. टर्बोला ते विष.

शिस्त लागते, बस. वेळेवर ऑइल, बरोबर नंबरचं ऑइल, बंद करताना जरा धीर. एवढं केलं तर दोन लाखही चालेल हे इंजिन. मला यात तिळमात्र शंका नाही.

१३ मार्च, शुक्रवार

९५,६००. मायलेज सोळा. प्रेमराज म्हणतो, त्याची डिझेल बावीस देते. देऊ दे.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. आबांनी गॅरेजमधल्या सगळ्या गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या. शेवटी माझ्या गाडीपाशी आले, थांबले, आणि घातली! मग दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"बंद शे का चालू?"

म्हटलं, चालू आहे आबा. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात चटकन काढले. मी इतकी हसले की आई बाहेर आली. तेही हसले, पण मिशीतल्या मिशीत.

आज वाटलं, आबा पैज हरले तरी त्यांना फार वाईट वाटणार नाही.

२७ मार्च, शुक्रवार

एरंडोलचं काम उरकून परत येत होते. पारोळ्याच्या अलीकडे ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला. एकदाच. मग पुन्हा.

गाडी तिथल्या तिथे बाजूला घेतली, बंद केली. दिवा लागल्यावर पुढे एक किलोमीटरही रेटायची नसते, हे मीच शंभर लोकांना सांगितलंय. ऑइलची काडी काढून पाहिली — पातळी बरोबर! मग प्रेशर का नाही? ९७,६४०.

आबांना फोन केला. दीड तासात जुनी जीप आणि दोर घेऊन आले. चाळीस-एक किलोमीटर मी त्यांच्या मागे दोराला बांधलेली!

२८ मार्च, शनिवार

खालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. पंपाच्या तोंडाची जाळी काळ्या कणांनी भरलेली, जणू तीळ चिकटलेत. रबर आहे ते. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजत चालतो. ऑइल बरोबर असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. चुकीचं असेल तर फुगतो, भुगा सुटतो, जाळी तुंबते. बेल्ट फुगलाय. टर्बो मात्र ठीक आहे, पंखा बोटाने फिरवून पाहिला, सुरळीत फिरतो, आडवा जरासुद्धा हलत नाही. लगेच थांबले म्हणून वाचला.

निघालेलं ऑइल दोन बोटांत चोळलं. जाड. वास घेतला. ट्रॅक्टरचं! गॅरेजच्या कोपऱ्यातल्या पिपातलं!

फेब्रुवारीत मी स्वतः बरोबर नंबरचं घातलं होतं. गाडीला हात लावणारी माणसं दोन. मी आणि आबा. प्रेमराज शेजारीच उभा होता, त्याच्यासमोर मी ओरडले, कुणी घातलं हे?

आबांनीही बोट बुडवून वास घेतला. बोट फडक्याला पुसलं. म्हणाले, "मी टाकं. कमी दिसनं, तं पिपामातलं लिटरभर टाकी दिनं."

चाळीस वर्षांचा मिस्त्री! माझ्या इंजिनात, मला न विचारता! जे तोंडात आलं ते बोलले. प्रेमराज जमिनीकडे बघत होता, पण खूश होता.

३० मार्च, सोमवार

दोन दिवस आबांशी बोलले नाही. एका लिटरने एवढं व्हावं? झालंय खरं. मनात नको ते येतंय — मुद्दाम केलं असेल का? मी हरावं म्हणून? लिहितानाही लाज वाटते. पण येतंय.

बेल्ट बदलायचा तर इंजिनाचं पुढचं कव्हर काढावं लागणार. प्रेमराज संध्याकाळी आईला म्हणाला, "काकू, खोललं म्हणजे खोललंच ना?" खरं आहे त्याचं. शर्त शर्त असते.

तेवढ्यात आबा दारातून बोलले. "चूक मन्ही. मंग हाई खोलनं धरानं नही. लाख पुरं करू दे तिले."

प्रेमराजचं तोंड बघण्यासारखं झालं. मी आभार मानले नाहीत. स्वतः बिघडवायचं आणि वर सूट द्यायची! मोठे आले न्याय करणारे.

२ एप्रिल, गुरुवार

नवा बेल्ट, नवी जाळी, ऑइलचे सगळे रस्ते धुतले, आणि ऑइल दुकानातून ताजं आणलं, घरातल्या कशावर भरवसा नाही. या पाच रात्री झोप लागली नाही, पण आज सुरू केलं तेव्हा प्रेशर पहिल्या सेकंदाला आलं. कान लावून ऐकलं, तिन्ही सिलिंडर एका सुरात. माझा इंजिनावरचा विश्वास तसूभर कमी झालेला नाही. बिचाऱ्याने तसल्या ऑइलवरही मला घाट चढवला!

आता १७ दिवस, २,३६० किलोमीटर. होतील.

९ एप्रिल, गुरुवार

९८,७३०. आई म्हणते, "बापले किती दिन अशी तोडशी?" म्हटलं, त्यांनी माझं इंजिन तोडलं ते? ती पोळ्या लाटत राहिली.

१७ एप्रिल, शुक्रवार

१,००,०००! नरडाण्याच्या एमआयडीसीसमोर, दुपारी सव्वाबाराला. गाडी बाजूला घेतली आणि एकटीच टाळ्या वाजवल्या. चहाच्या टपरीवाल्याला वाटलं, डोकं फिरलंय माझं.

आबांना फोटो पाठवला. या वेळी उत्तर आलं. "देखं."

१९ एप्रिल, रविवार

आखाजी. सकाळी आबा स्वतः शिडीवर चढले आणि माझ्या नावाचा नवा बोर्ड लावला — पुनम ऑटो वर्क्स. शिडी प्रेमराजने धरली होती, नीट धरली, तेवढं त्याचं कौतुक. आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. आबांनी शटरच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी घेतल्या. त्यांच्याकडे बघितलं नाही.

लायक होते म्हणून मिळालं. इंजिनाने आणि मी, दोघांनी करून दाखवलं. उद्यापासून टर्बोच्या गाड्या घेणार.

२० एप्रिल, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक भाईदास. सोनगीरकडचा शेतकरी, विहिरीवर अजून डिझेल इंजिन चालवतो. म्हणाला, "ताई, मन्हं तेल ऱ्हाई गयं तुमनाकडे. फेब्रुवारीमा मन्हासमोर कॅनमा भरं व्हतं तुम्ही. मीच नेवानं इसरी गऊ."

भरलं होतं मी. पिपातून, ट्रॅक्टरचं, चार लिटर. आमच्याकडे रिकामा कॅन कुणी फेकत नाही. माझ्या गाडीच्या ऑइलचा रिकामा कॅन होता, त्यात भरलं आणि फळीवर ठेवलं, माझ्या नव्या कॅनशेजारी.

फळी पाहिली. माझा नवा कॅन तिथेच आहे, सील न फोडलेला. भाईदासचा नाही. म्हणजे फेब्रुवारीत माझ्या इंजिनात गेलं ते त्याचं, माझ्याच हाताने.

आबा ओट्यावर बसले होते. विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"वास उना तवयच."

मग स्वतःवर का घेतलंत?

"प्रेमराज उभा व्हता ना."

तेवीस दिवस मी या माणसाशी बोलले नव्हते.