कपबशी निवडून आली, गिरिजा!

माजी सरपंच आणि आमच्या धाकट्या जाऊबाई सौ. गिरिजा हिला मिशिगनहून थोरल्या द्वारकाचा तोंड भरून आशीर्वाद. इकडे सगळी मंडळी खुशाल आहेत. मी जरा जास्तच खुशाल आहे. ते का, हे पुढे येईल, घाई करू नकोस. तुझी साखर काय म्हणते? भाऊजींचा खोकला थांबला का? आणि तुझी वरची कवळी हल्ली तोंडात असते की अजून डब्यातच? (डब्यात असेल तर तिथेच राहू दे. हे पत्र वाचताना तुझा आ वासणार आहे, उगाच पडून फुटायची.) पत्र माझी सून विनीता लिहिते आहे, कारण द्वारकाला अक्षरओळख नाही हे तू गेली अठ्ठावीस वर्षं गावाला सांगतेच आहेस. मी बोलेन तसंच उतरव, अशी तिला ताकीद दिली आहे. पण ती पडली पुण्याची, मधेमधे कंसात स्वतःचं घुसडणारच. (नाही घुसडणार, काकू. — विनीता)

तर बातमी अशी, की आपली अनिका नगरपालिकेवर निवडून आली. अनिका म्हणजे प्रसन्नची धाकटी. गावी आली तेव्हा तुझ्या गोठ्यात म्हशीला ‘एक्स्क्यूज मी’ म्हणाली होती, तीच. आता एकतीस वर्षांची आहे, सांडपाण्याची इंजिनियर आहे, आणि आमच्या या गावाच्या कौन्सिलची मेंबर आहे. गाव नोव्हाय नावाच्या शहराला लागूनच आहे. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही आणि विनीताने लिहिलं तरी तुला येणार नाही, तेव्हा ते सोड. इथे जागा तीन आणि उभे सहा. महापौर वेगळा, त्याचं मत वेगळं. पोरीने उभं राहायचं ठरवलं ते एका नाल्यापायी. आमच्या मागच्या आळीत दर पावसाला लोकांच्या तळघरात पाणी शिरतं, ही तीन वर्षं अर्ज करून थकली, मग म्हणाली आता मीच आत जाऊन बसते. प्रसन्न म्हणाला, “नोकरी सांभाळ.” विनीता म्हणाली, “आधी लग्नाचं बघ.” मी म्हटलं, “चिन्ह काय मिळालं?”

तर म्हणे, “आजी, इथे चिन्ह नसतं. बॅलटवर ओन्ली नाव.” मला वाटलं पोरगी चेष्टा करते. अगं, चिन्ह नाही म्हणजे मतदान कसलं? आपल्या वेळी तुझी शिट्टी होती, माझी कपबशी होती. एकाच घरातून दोन जावा दोन पॅनलकडून उभ्या, सासूबाईंनी पंधरा दिवस कुणाशीच बोलायचं टाळलं, तरी मत कुणाला द्यायचं ते आंधळ्यालासुद्धा कळत होतं. मी विचारलं, ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं? ती म्हणाली, “इथे सगळ्यांना वाचता येतं, आजी.” मी म्हटलं, “मला येत नाही ना.” त्यावर पोरीने माझं जुनं चिन्ह कसं होतं ते नीट विचारून घेतलं. (गेल्या वर्षी मी इथली नागरिक झाले हे तुला कळवलं होतं. दुभाषी बसवून मराठीतून परीक्षा दिली. साहेबाने हात मिळवला, तो मी दोन्ही हातांनी धरून ठेवला.) आठ दिवसांनी अंगणात रोवायच्या पाट्या छापून आल्या. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत अनिकाचं नाव, आणि नावाच्या वर, गिरिजा, ही एवढी मोठी कपबशी! बशीला काठ आणि कपातून वाफ. आपल्या कागदावर नुसती कपबशी होती, वाफ नव्हती. अमेरिकेचा छापखाना तो!

आता चिन्हाची सवय नसलेल्या लोकांत चिन्ह नेलं की काय होतं ते ऐक. पहिल्याच दिवशी एका बाईचा फोन आला, की तुमचं हॉटेल कधी उघडणार? दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गृहस्थ कुत्र्याला घेऊन दारात उभे, मेनू मागायला. अनिका त्यांना समजावू लागली, तेवढ्यात मी आलं ठेचून चहाचं आधण ठेवलं. दारात आलेल्या माणसाला चिन्ह दाखवायचं आणि कप द्यायचा नाही, ही फसवणूक झाली. तो माणूस दोन कप प्यायला आणि पाऊण तास नाल्यावर बोलला, कारण पाणी त्याच्याही तळघरात शिरत होतं. पुढच्या शनिवारी तो आणखी चौघांना घेऊन आला. मग काय, गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढल्या, खुर्च्या मांडल्या, आणि दर शनिवारी सकाळी मी पातेल्यापाशी नि अनिका नकाशापाशी. (चहा सगळ्यांना होता, मत देणाऱ्या-न देणाऱ्या सगळ्यांना. दुसरे उमेदवारही पिऊन गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. — विनीता) बघ, घुसलीच.

सगळ्यात मोठा घोटाळा शेजारच्या यास्नाबाईंनी केला. यास्नाबाई माझ्याच वयाच्या, क्रोएशिया नावाच्या देशातल्या, समुद्राकाठच्या. ती तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या भाषेत, त्यामुळे चार वर्षांत एकदाही भांडण नाही. (तुझी-माझी भाषा एक, तर बघ काय झालं.) आमच्या अंगणात पाटी लागली त्या दुपारी ती हातात कोंबडीच्या सूपचं पातेलं घेऊन धावत आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली. अनिकाने विचारलं तेव्हा कळलं, की तिच्या देशात चहा फक्त आजारी माणसाला देतात. पाटी लावून सांगताहेत म्हणजे घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजत असणार, आणि ती मीच असणार! मी बरी आहे म्हटल्यावर जरा हिरमुसली, पण पातेलं ठेवून गेली. (सूप मी प्यायले नाही. प्रसन्न प्याला.) पुढे दर शनिवारी स्वतःची कॉफी घेऊन गॅरेजमध्ये येऊन बसायची आणि माझा चहा पिणाऱ्यांकडे दयेने बघायची.

तिच्याकडून, अनिकाला मधे घालून, मला एक गोष्ट कळली. तिचा पुतण्या तिकडे त्यांच्या शहरात महापौरकीला उभा होता. त्यांच्यात म्हणे निम्म्याहून जास्त मतं कुणालाच पडली नाहीत, तर पहिल्या दोघांची पंधरा दिवसांनी पुन्हा कुस्ती लावतात. पुतण्या पहिल्या वेळी मागे होता, दुसऱ्या वेळी वर आला. ऐकून मी हातातली गाळणी खाली ठेवली. म्हटलं, बाई, ही सोय आमच्या पंचायतीत असती तर! आपल्या वॉर्डात तिघी उभ्या होत्या, निम्मी मतं कुणालाच नव्हती. तू एका मताने पुढे होतीस. पंधरा दिवस आणखी मिळाले असते तर मी वरच्या आळीत पुन्हा एक फेरी मारली असती. एका मताने, गिरिजा! त्या मतावर आधी मेंबर झालीस, मग सरपंच झालीस, आणि मला भर हळदीकुंकवात ‘अंगठाबहाद्दर’ म्हणालीस. मी विसरलेली नाही. आठवण करून देते आहे, एवढंच.

मतदानाच्या दिवशी थंडी मरणाची. मी नऊवारी, वर प्रसन्नचा कोट, आणि हातात माझी रोजची कपबशी, थर्मासमधला चहा वाटेत प्यावा म्हणून. केंद्राच्या दारातच एका गोऱ्या पोरीने हात आडवा केला. फार नम्र पोरगी, चूक तिची काडीची नाही. म्हणाली, शंभर फुटांच्या आत प्रचाराची वस्तू चालत नाही, आणि गावात हल्ली कपबशी म्हणजे अनिका. विनीता ओशाळली. मी मात्र मान अशी ताठ केली की पदर सरकला. अगं, ज्या देशात चिन्ह नव्हतं तिथे तीन महिन्यांत माझ्या चिन्हाला कायदा लागू झाला! कपबशी घेऊन यास्नाबाई शंभर फुटांपलीकडे थंडीत उभी राहिली, देवळाबाहेर चपला सांभाळाव्यात तशी.

आत सोबत माणूस नेता येतो, म्हणून विनीता माझ्या शेजारी बसली. पण मी तिला म्हटलं, तू बोट दाखवायचं नाहीस. तीन महिने पाटी बघून मी अनिकाचं नाव ओळखायला शिकले होते: दोन्ही टोकांना तंबू, मधे तीन काहीतरी. कागद उघडून बघते तर काय! पुढे तंबू असलेली नावं दोन, आणि मागचा तंबू एकाचाही नाही! तंबू वितळून त्याचा लाडू झालेला. विनीताचा चेहरा लालबुंद, पण शब्दाची पक्की, हूं की चूं केलं नाही. (नंतर समजलं, की इथे प्रत्येक अक्षराला एक थोरलं रूप असतं आणि एक धाकटं. आवाज एकच, अंगकाठी वेगळी, थेट जावांसारखं. पाटीवर सगळ्या थोरल्या होत्या.) बाहेर यास्नाबाई कुडकुडत होती, आत मी दोन तंबूंच्या मधे अडकलेली. चूक झाली तर नातीचं एक मत जाणार, आणि एका मताची किंमत काय असते ते मला तू शिकवलेलं. मग नीट पाहिलं. एका नावात मधोमध एक नाजूक काडी उभी होती, आणि तिच्या डोक्यावर ठसठशीत टिकली. दुसऱ्या नावात टिकली नव्हती. म्हटलं, टिकली लावलेली ती आपलीच! आणि गोल काळाकुट्ट भरला. बाहेर आल्यावर विनीता रडतच होती. बरोबर होतं, गिरिजा. (बरोबर होतं, काकू. — विनीता)

कौन्सिलसाठी आणखी दोन गोल भरता आले असते, ते मी रिकामे सोडले म्हणून प्रसन्न अजून कुरकुरतो. पण मत काय पंगतीतलं वाढण आहे, उरलं म्हणून वाढायला?

निकाल त्याच रात्री लागला. प्रसन्न ओरडला, “तिसरी आली!” मी कपाळावर हात मारून घेतला. तिसरी! आपल्या वॉर्डात तिसरी आलेली पुन्हा पाणवठ्यावर दिसली नव्हती. मी अनिकाला जवळ घेतलं आणि सांगू लागले, की बाई, हरलं तरी जगता येतं, मी जगलेय. ती हसतही होती आणि रडतही होती. म्हणाली, “आजी, तीन सीट्स आहेत. थर्ड मीन्स मी जिंकले!” चौथ्यापेक्षा अकरा मतं जास्त. (टिकली नसलेली बाई पहिली आली. चांगली आहे, चहाला यायची.) शपथविधीला पोरीने मला पहिल्या रांगेत बसवलं आणि भाषणात इंग्रजी थांबवून मराठीत म्हणाली, “माझ्या आजीला वाचता येत नाही, म्हणून मी दिसेल असं काम करेन.” अख्खं सभागृह माझ्याकडे वळून बघत होतं. कळलं कुणालाच काही नाही, पण टाळ्या वाजल्या.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. खाली अंगठा नाही, हे बघून दचकू नकोस. तो जो तंबू काढला आहे तो माझ्या हातचा. मला एवढं एकच अक्षर येतं, आणि तेही इंग्रजी. तुला येतं का?

तुझी थोरली जाऊ,
द्वारका

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. आपल्या एस.टी. स्टँडसमोर, जिथे तुझ्या सत्काराचा बोर्ड लागला होता त्याच जागी, एक फ्लेक्स लावून घे. ‘हार्दिक अभिनंदन’ वर हवं. मधे अनिकाचा कोटातला फोटो, शेजारी वाफ येणारी कपबशी, आणि कोपऱ्यात मी, नऊवारीतली. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत तुझा फोटो चालेल, पोस्टाच्या तिकिटाएवढा. छापण्यापूर्वी नाव तू स्वतः वाच. दुसऱ्या कुणाच्या वाचण्यावर माझा भरवसा नाही.

ता. क. दुसरं. विनीता हे लिहायला तयार नव्हती, पण लिही म्हटलं. त्या वर्षी शिक्का हातात घेऊन मी आडोशामागे उभी होते तेव्हा मनात आलं, की पंचायतीतले कागद कोण वाचणार? मी? आपल्या आळीला नळ कोण आणणार? आणि शिक्का शिट्टीवर मारला. तू एका मताने आलीस ते मत माझं. नळ आला, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. तिकिटाएवढा फोटो राहू दे, माझ्याएवढाच लाव. पण मोठा नको.