सौ. अंगणात झोपते तेव्हा

२० जाने.
पहाटे कानात पुन्हा तोच जुना आवाज. लहानपणी एकदा मांडणीवरची पितळी भांडी आपोआप वाजायला लागली होती, एका चालीत, चौथीचा वर्ग कविता म्हणतो तशी. आईनं आम्हा दोघा भावांना अंगणात ओढलं. धाकट्या वसंतानं माझा सदरा घट्ट धरलेला.
परवा तसाच हलका हादरा बसला. आता मोबाइलवर फिरतंय, रविवारी मोठा भूकंप येणार. सौ.नं खाट अंगणात टाकली. तिला दमा, वर ही थंडी! मग मीही बाहेरच.

२२ जाने.
सौ.चा खोकला वाढला. तिचं मन रमावं म्हणून शाळेतल्या कविता म्हटल्या. तर म्हणते,
"तुमच्या कवितेनं जमीन थांबते काय?"
डॉक्टर म्हणाले, असंच बाहेर झोपलात तर भरती करावं लागेल. ती ऐकत नाही.
भिंतीपलीकडे वसंताच्या खिडकीत दिवा. वाटणीत ही भिंत घातली तेव्हापासून अबोला.

२३ जाने.
नागपूरच्या भाच्याला फोन. भूगर्भशास्त्र शिकवतो. "मामा, कुठं धोका जास्त हे सांगता येते. दिवस, वेळ कोणालेच नाही. मामी झोपते तिथं डोक्यावर काय हाये, ते पाहा आधी."
कवितेत यमक कुठे पडणार ते कानाला आधीच कळतं. जमिनीची चाल अजून कुणाला सापडली नाही म्हणायची.
आत खोलीत जाऊन वर पाहिलं. पलंगाच्या बरोबर वर फळी. तिच्यावर आईचे हंडे, घासूनपुसून, पाहुण्यांना दिसावेत म्हणून मीच मांडलेले!

२४ जाने., शनि.
हंडे उतरवले. मिस्त्रीला भिंती दाखवल्या; पक्क्या आहेत म्हणाला. सौ. कमरेवर हात ठेवून बघत होती.
"इतकी वर्षं हे माह्या डोक्यावर? अन् तुम्ही खाली कविता म्हणत होते!"
हसली. मग स्वतःच गादी आत नेली. भाच्याचे उपकार कसे...

२५ जाने., रवि.
सौ.ला शांत झोप लागली. तिचा संथ श्वास ऐकत पडलो. आणखी काय हवं माणसाला. आज काय होईल ते कुणाला ठाऊक.
चहा ठेवला तोच कडी वाजली. दारात वसंता, कानाला मफलर.
"रात्री वहिनीचा खोकला नाही आला ऐकू. जीव थाऱ्यावर नव्हता. बरी हाये ना, दादा?"
माझी बाही त्यानं घट्ट धरली होती.