मनातल्या प्रश्नाचे प्रश्नचिन्ह

प्रति,
मा. मुख्य प्रशासन अधिकारी,
मध्यवर्ती कार्यालय, सहावा मजला.

अर्जदार : लिफ्टचालक, लिफ्ट क्रमांक दोन.

विषय : अर्जदाराच्या मनात आलेले एक वाक्य शुद्ध इंग्रजीत करून देण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, "सदर वाक्य तीन दिवसांत दुरुस्त करून सादर करावे, अन्यथा". (पुढील मजकूर शिक्क्याखाली गेल्याने वाचता आला नाही.)

महोदय,

१. अर्जदार ही या इमारतीत एकोणीस वर्षे लिफ्ट चालवते. या काळात तिने हजारो माणसे वर नेली व बहुतेक सगळी खाली आणली. कोणाविषयी तोंडातून वावगा शब्द काढला नाही. मनात काय आले असेल ते असो. ते आजवर कोणी विचारले नव्हते.

२. गेल्या महिन्याच्या चार तारखेस दुपारी तीनच्या सुमारास उपव्यवस्थापक साहेब लिफ्टमध्ये आले. तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. दार नीट लागत नसल्याचे अर्जदाराने पूर्वी तीन वेळा लेखी कळवले होते. ते अर्ज मराठीत असल्याने भाषांतरासाठी राहिले आहेत. दार एकदा जोर लावून ओढले की लिफ्ट चालू होते, हे अर्जदारास ठाऊक होते. ती म्हणाली, "साहेब, बटणांना हात नका लावू, मी दार ओढते." साहेबांनी सगळी बटणे एकदम दाबली. दिवा गेला, पंखा गेला. मग साहेब अर्जदाराच्या स्टुलावर बसले आणि "अहो बाई, दोर तुटला तर काय होतं?" असे पुन्हा पुन्हा विचारू लागले. अर्जदाराने त्यांना आपल्या बाटलीतले पाणी पाजले व त्यांच्याच फाइलने त्यांना वारा घातला. पन्नास मिनिटांनी मेकॅनिकने वरून दार उघडले. बाहेर पाय पडताच साहेब ताठ झाले आणि जमलेल्या मंडळींसमोर म्हणाले, "या बाईंचा हलगर्जीपणा आहे. अहवाल घ्या यांच्याकडून."

३. अहवालाचा नमुना छापील व इंग्रजी आहे. त्यातील रकाना सहा असा : घटनेच्या वेळी मनात आलेले विचार व प्रश्न, शुद्ध इंग्रजीत. अर्जदाराने हेडक्लार्कना विचारले, "हा रिकामा सोडला तर?" ते म्हणाले, "रिकामा म्हणजे अहवाल अपूर्ण. अपूर्ण म्हणजे दोष कबूल."

अर्जदाराची धाकटी जाऊ घरी इंग्रजीचे क्लास घेते. अर्जदाराने तिला खरे ते सांगितले, की मी म्हटलं, या माणसाला साहेब केलं तरी कोणी? जावेने झरझर लिहिले : आय सेड, पुढे अवतरणचिन्ह, हू मेड धिस मॅन ॲन ऑफिसर, प्रश्नचिन्ह, पुन्हा अवतरणचिन्ह. अर्जदाराने शंका काढली, "अगं, म्हटलं म्हणजे मनात म्हटलं. तोंडाने नाही." जाऊ म्हणाली, "ताई, म्हटलं म्हणजे सेड. आणि सेड आलं की अवतरण आलंच. मी मुलांचे मार्क कापते त्याला." मार्क कापले जाण्याच्या भीतीने अर्जदाराने ते तसेच रकान्यात उतरवले.

महोदय, आपल्याकडे माणूस दिवसभर मनात काहीबाही म्हणत असतो आणि शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही. त्यावरच तर संसार चालतात.

४. आठ दिवसांत अर्जदारास कारणे दाखवा नोटीस मिळाली. आरोप : वरिष्ठांच्या तोंडावर उद्धट उद्गार काढणे. पुरावा : अवतरणचिन्हे. लिफ्टची किल्ली काढून घेण्यात आली व अर्जदारास तळमजल्यावरील बाकावर बसण्याचे काम देण्यात आले. अर्जदार रडकुंडीला येऊन हेडक्लार्कांकडे गेली. ते मनाने चांगले आहेत. त्यांनी पांढऱ्या शाईची बाटली काढली, अवतरणचिन्हे बुजवली, आय सेडही बुजवले, आणि म्हणाले, "जा आता. कोणी काही बोललंच नाही." नोटीस खरोखरच मागे घेतली गेली, किल्ली तेवढी परत मिळाली नाही. मात्र मधले वाक्य कागदावर उघडे पडले, प्रश्नचिन्हासकट.

५. आवक विभागाचा नियम असा, की कागदावर प्रश्नचिन्ह दिसल्यास तो प्रश्न समजून पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. दाराविषयीच्या तिन्ही अर्जांच्या शेवटी अर्जदाराने पूर्णविराम दिला होता, ही तिची चूक. हा कागद मात्र थेट आस्थापना विभागात गेला. तेथील बाई काटेकोर आहेत. त्यांनी साहेबांच्या नेमणुकीचा आदेश शोधण्यासाठी चार कपाटे रिकामी केली. आदेश मिळाला नाही. मिळाली ती अकरा वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी : "नवे साहेब येईपर्यंत यांना खुर्चीवर बसू द्यावे." खालची सही कोणाची, ते अद्याप कोणालाही कळलेले नाही.

६. गेल्या गुरुवारी साहेब स्वतः, लिफ्ट बंद असल्याने पाच जिने उतरून, धापा टाकत अर्जदाराच्या बाकापाशी आले. अकरा वर्षांत प्रथमच त्यांनी विचारले, "बसू का?" मग हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही ते मनातच म्हटलं होतंत ना?"

"मनातच, साहेब."

"मग तसं शुद्ध लिहून द्या की. आय वंडर्ड हू हॅड मेड हिम ॲन ऑफिसर. पुढे पूर्णविराम. मनातला प्रश्न असा सांगितला की इंग्रजीत त्याला प्रश्नचिन्ह लागत नाही." त्यांनी वाक्य टंकलिखित करूनच आणले होते. अर्जदाराने सही केल्यास संध्याकाळपर्यंत किल्ली परत, आणि लिफ्टचा दोष विजेच्या दाबावर. कागद त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. अर्जदारास त्यांची दया आली. सही करायला तिने पेनही काढले होते. पण आधी विचारून घेते म्हणून तिने कागद घरी नेला.

जावेने पुस्तक उघडले, बोट फिरवत पान वाचले आणि तिचे कान लाल झाले. "बरोबर आहे हो ताई त्यांचं. माझंच चुकलं." या चुकीपायी अर्जदाराची किल्ली गेली असूनही अर्जदाराने तिचे मार्क कापले नाहीत, एवढेच.

७. दुसऱ्याच दिवशी आपले संदर्भीय पत्र आले. त्यातही नेमका तोच पूर्णविराम मागितलेला आहे. सहाव्या मजल्यावरही इंग्रजी शुद्ध ठेवण्याची इतकी घाई का व्हावी, असे अर्जदाराच्या मनात आले. (या वाक्यास प्रश्नचिन्ह नाही, याची नोंद घ्यावी.)

८. अर्जदाराने तीन दिवस विचार केला. किल्ली तिला हवी आहे. बाकावर बसून तिचे पाय सुजले आहेत. शुद्ध वाक्य कोणते, हेही तिला आता पाठ झाले आहे. सदर प्रश्न मनातच विचारला होता, हे ती शपथेवर सांगते. परंतु इतकी कपाटे उघडली गेल्यानंतर अर्जदारास त्याचे उत्तर खरोखरच हवे आहे.

तरी विनंती की, वाक्य अशुद्ध असले तरी तसेच ठेवावे, प्रश्नचिन्ह काढू नये, आणि पंधरा दिवसांपैकी उरलेल्या चार दिवसांत उत्तर द्यावे.

आपली, तोंडाने तरी नम्र,

(सही)
लिफ्टचालक, लिफ्ट क्रमांक दोन
दिनांक : १७ ऑक्टोबर