घोंगडीवाल्याचा नवा खून

माय, तुझा घोंगडीवाला परत आलाय. तोंडावर ओढलेली घोंगडी, हातात कुऱ्हाड, तोच. तू होतीस तेव्हाच त्याची ती खुनांची पुस्तकं निघायची बंद झाली होती. शेवटच्या पुस्तकात तो विहिरीत पडून मेला, ते मीच तुला वाचून दाखवलं. "मेला नसन तो," तू म्हणालीस, "असे मरत नाहीत." तुझंच खरं झालं. प्रकाशकाने त्याला विहिरीतून वर काढलं आणि नवं पुस्तक परीक्षणासाठी इथे पुण्यात, वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्याच टेबलावर येऊन पडलं. मला झालेला आनंद कळणारं माणूस तू एकटीच होतीस.

अजून दिसतं, वरवटच्या आपल्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापते आहेस आणि मी चुलीजवळ बसून वाचतो आहे. संग्रामपूरच्या बाजारात वांगी-मिरच्या विकून येताना तू रद्दीतून ही पुस्तकं आणायचीस. तुला अक्षर येत नव्हतं, पण वरच्या चित्रातली घोंगडी बरोबर ओळखायचीस. पुस्तकात खून झाला की तुझा हात परातीत थांबतो. "त्याच्या घरी भाकर कोन नेली?" मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी भाकर-पिठलं नेऊन देतात; पुस्तकातलं घर झालं म्हणून तुला ते चुकलेलं चालायचं नाही. "माय, पुस्तकात नाही लिहेल." "काऊन नाही? मानूस मेला ना बे! लेकरं काय खातीन त्याचे?" मग मी मनानेच एक शेजारीण उभी करायचो, तिच्या हाती टोपलं द्यायचो आणि छापलेलं असल्यासारखं वाचायचो. तुला कळायचं. "हाव, आता मार पुढच्याले," म्हणायचीस आणि भाकर तव्यावर टाकायचीस. मी स्वतः रचलेली पहिली वाक्यं तीच.

नव्या पुस्तकात एक भाजीवाली मरते. ती वऱ्हाडी बोलते. मरण्याआधी तिने लोकांना हसवावं एवढ्याचसाठी लेखकाने तिला आणली आहे. समोर कुऱ्हाड उगारलेली, तरी ही वांग्यांचा भाव सांगतेच आहे. दुपारच्या चहाला कचेरीत एकाने ते पान मोठ्याने वाचायला घेतलं, पण त्याला ते हेल जमेनात. "अहो, तुम्ही तिकडचेच ना? मग आम्हाला कशाला छळता, तुम्हीच वाचा!" मी वाचलं. नुसतं वाचलं नाही. पदर खोचल्यासारखा हात केला, मान तिरपी केली आणि "काऊन भाऊ, वांगे नाही घेऊन राह्यले का?" हे शेवटी असं लांबवलं, जसं तू परत चाललेल्या गिऱ्हाइकामागे लांबवायचीस. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. तिच्यावर कुऱ्हाड पडली तरी हसणं चालूच होतं. "वा! पुन्हा एकदा होऊ द्या," कोणी तरी म्हणालं, आणि मी तिला पुन्हा बोलायला लावलं, पुन्हा मारलं.

परीक्षण संध्याकाळी द्यायचं होतं. आजवर माझा मजकूर कधी उशिरा गेला नाही, त्या दिवशीही गेला नाही. लिहायला बसल्यावर पहिलं वाक्य आलं ते असं, की ही बाई फक्त हशासाठी मारली आहे. ते मी खोडलं. ज्यांच्यासमोर नुकतीच नक्कल केली, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याऐवजी लिहिलं, 'ग्रामीण स्त्रीची बोली अस्सल उतरली आहे.' संपादकांनी मान डोलावली. "तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही." आज ते छापून आलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला माहीत आहे. आधी तुझ्याच बोलीत लिहायला बसलो होतो. 'माय, मले' एवढं लिहिलं की कानात आवाज यायला लागतो. तो तुझा नसतो, त्या दुपारचा माझा असतो. म्हणून सगळं असं, पुण्याच्या भाषेत लिहिलं.